डायलिसिसचा कॅथेटर ब्लॉक होऊ नये म्हणून काय काय करायचं

मानेत कॅथेटर, म्हणजे डायलिसिससाठी शिरेत घातलेली नळी, असलेल्या पेशंटच्या घरचे लोक सगळ्यात जास्त विचारतात ते हेच, की परवापर्यंत नीट चालत होतं मग आज एकदम ब्लॉक कसा झाला. तर बहुतेक वेळा तो एकदम होतच नाही. आधीचे आठवडा दोन आठवडे बघितले तर पंपाचा स्पीड हळूहळू खाली आलेला असतो, मशीन सारखं अलार्म देत असतं, दोनतीनदा मशीनची लाईन उलटी (लालच्या जागी निळी) लावलेली असते, फक्त ते कुणी एका जागी लिहून ठेवलेलं नसतं म्हणून शेवटच्या दिवशी सगळ्यांना धक्का बसतो. मी डायलिसिस टेक्निशियन आहे. पेशंट, घरचे आणि आमच्याकडे नवीन लागलेली मुलंमुली, तिघांसाठी एकत्रच लिहितोय, कारण नळी चालू ठेवणं हे एकट्या कुणाच्या हातात नाही.

एक गोष्ट सगळ्यात आधी. खाली कॅप उघडणं, फ्लश करणं (सलाईनने नळी धुणं), हेपॅरिन म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध भरणं याबद्दल जे लिहिलंय ते युनिटमधल्या स्टाफसाठी आहे. घरच्यांनी ते फक्त समजून घ्यायचं, म्हणजे बरोबर होतंय की नाही ते कळेल. घरी कॅप उघडायची नाही, क्लॅम्प उघडझाप करून बघायचा नाही, नळीत काही घालायचं नाही. नळी थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असते, हवा आत गेली किंवा रक्त वाहायला लागलं तर मिनिटांत जिवावर बेतू शकतं.

नळीच्या आत नेमकं होतं काय

कॅथेटर दोन प्रकारचे. एक टेंपररी, ज्याला सगळे जुगलर म्हणतात, मानेत टाके घालून बसवलेला, कधी मांडीत असतो तेव्हा फेमोरल. दुसरा परमकॅथ, तो छातीच्या कातडीखालून बोगदा करून मानेतल्या शिरेत नेलेला असतो आणि कातडीखाली त्याला एक कापडासारखा कफ असतो, तो तीनचार आठवड्यांत मांसाला धरून बसतो. दोन्हीत आतून दोन वेगळे रस्ते असतात, लाल टोकाकडून रक्त मशीनकडे ओढलं जातं आणि निळ्या टोकाकडून साफ होऊन परत जातं.

आता ही वस्तू शरीराला परकी. ती शिरेत गेल्यापासून पहिल्या २४ तासांतच तिच्यावर फायब्रिनचा (रक्त गोठताना तयार होणाऱ्या धाग्यांचा) थर धरायला लागतो, दुधावर साय धरते तसा, आणि हा थर वाढत वाढत टोकापर्यंत आला की मग गंमत अशी दिसते की सलाईन आत ढकललं तर जातं पण रक्त मागे ओढलं तर येत नाही. कारण ढकलताना साय बाजूला होते आणि ओढताना भोकावर येऊन बसते. दुसरं कारण नळीच्या आतच रक्ताची गुठळी होणं, ते मुख्यतः फ्लश किंवा लॉक (पुढच्या डायलिसिसपर्यंत नळीत भरून ठेवायचं औषध) नीट न झाल्यामुळे. तिसरं म्हणजे नळी दुमडणं नाहीतर टोक चुकीच्या जागी असणं.

हे तिन्ही वेगळे ओळखता आले पाहिजेत. कॅथेटर घातल्यावर पहिल्याच एकदोन डायलिसिसमध्ये त्रास देत असेल तर ती गुठळी असण्यापेक्षा दुमड किंवा टोकाची जागा किंवा टाका आवळून बसलेला असण्याची शक्यता जास्त. तिथे औषधं घालत बसण्यात वेळ घालवू नये, छातीचा एक्स-रे काढून नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) दाखवायचा, एक्स-रेमध्ये वळण सरळ दिसतं. आणि आधी काही आठवडे छान चालून मग हळूहळू स्पीड पडत गेला असेल तर फायब्रिन किंवा गुठळी.

जागेचाही फरक पडतो. उजव्या बाजूची मानेतली शीर हृदयाकडे जवळजवळ सरळ उतरते म्हणून पहिली पसंती तीच. डाव्या बाजूने गेलं तर वळणं जास्त, त्रास जास्त. मांडीतला कॅथेटर माणूस उठून बसला की दुमडतो, तो फक्त अगदी थोड्या दिवसांसाठी आणि शक्यतो पडून असलेल्या पेशंटला. मानेतला टेंपररी पण दोन आठवड्यांच्या पुढे ओढू नये असंच गाईडलाईन सांगतात. आपल्याकडे पैशांमुळे, बेड मिळत नाही म्हणून, तारीख मिळत नाही म्हणून लोक टेंपररीवर दोनदोन महिने काढतात आणि मग नळी सारखी बंद पडते म्हणून स्टाफवर चिडतात. त्यांचा राग समजतो, पण ती नळी मुळात तेवढ्या दिवसांसाठी बनवलेलीच नाही.

डायलिसिस संपतानाची पाच मिनिटं

माझ्या मते नळी टिकणार की नाही हे सगळ्यात जास्त इथे ठरतं. आणि नेमकी हीच वेळ घाईची असते, पुढच्या शिफ्टचा पेशंट दारात उभा, मशीन धुवायला लावायचं, नातेवाईक रिक्षा थांबलीय म्हणून घाई करतायत. नातेवाईकांना हात जोडून विनंती, ही पाच मिनिटं द्या.

आधी तोंडाला मास्क, स्टाफच्या पण आणि पेशंटच्या पण. पेशंटला मास्क नको वाटत असेल तर मान दुसऱ्या बाजूला वळवायला सांगायची. हात धुऊन स्वच्छ ग्लोव्ह्ज. दोन्ही क्लॅम्प बंद आहेत हे बघूनच लाईन काढायची. लाईन काढल्यावर नळीचं उघडं तोंड, त्याच्या आट्यांसकट, अँटिसेप्टिकने नीट घासायचं, नुसतं पुसल्यासारखं करायचं नाही, किमान १५ सेकंद तरी. कुठलं अँटिसेप्टिक चालतं ते कॅथेटरच्या कंपनीच्या कागदावर लिहिलेलं असतं, काही प्लास्टिकला अल्कोहोल चालत नाही आणि काहींना काही मलमं चालत नाहीत, नळी चिरते. त्यामुळे पेशंट दुसरीकडून आला असेल तर नळी कुठल्या कंपनीची आहे हे विचारा.

मग फ्लश. प्रत्येक बाजूला वेगळी १० मिलीची सिरिंज, भरून नॉर्मल सलाईन. २ मिली ५ मिलीच्या सिरिंजने फ्लश करायचं नाही, सिरिंज जेवढी लहान तेवढं प्रेशर जास्त, नळी फुटू शकते. आणि सलाईन एका दमात संथ घालायचं नाही, ढकल-थांब ढकल-थांब असं झटक्याझटक्याने घालायचं, त्याने आत भोवरे तयार होतात आणि भिंतीला चिकटलेलं रक्त सुटून जातं. हळूहळू घातलेलं सलाईन मधून निघून जातं आणि कडेला गुलाबी थर तसाच राहतो. फ्लश झाल्यावर पारदर्शक भागात बघा, नळी अगदी स्वच्छ दिसली पाहिजे. गुलाबी झाक राहिली असेल तर अजून एक सिरिंज घ्या, त्यात कंजूषपणा नको.

आता लॉक. नळीच्या दोन्ही बाजूंवर, कधी क्लॅम्पवर कधी पाईपवर, एक छोटा आकडा छापलेला असतो, १.३ किंवा १.६ किंवा २.१ असा काहीतरी. तेवढे मिली औषध त्या बाजूला मावतं. लाल आणि निळ्याचा आकडा वेगळा असू शकतो, लांबीप्रमाणे तर बदलतोच. बरोबर तेवढंच भरायचं. कमी भरलं तर टोकाला औषध पोचत नाही, तिथे रक्त शिरतं आणि गोठतं. जास्त भरलं तर जादाचं हेपॅरिन सरळ शरीरात. सगळ्यांना सरसकट दोन-दोन मिली भरायची सवय काही ठिकाणी दिसते, ती मोडली पाहिजे. हा आकडा घासून पुसट होतो, म्हणून नवीन कॅथेटर घातला की ड्रेसिंगच्या वेळी घरच्यांनी मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवावा आणि फाईलवर पण लिहून घ्यावा. दुसऱ्या गावी डायलिसिसला गेलात तर तिथल्या स्टाफला हा फोटो फार उपयोगी पडतो.

हेपॅरिनची बाटली हातात घेतली की त्यावरचं वाचायचं. बाजारात ५ मिलीची बाटली दोन ताकदीत मिळते, एका मिलीत १००० युनिट आणि एका मिलीत ५००० युनिट, आणि लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. आता बऱ्याच ठिकाणी लॉकला १००० ची ताकद वापरतात. ५००० ची बाटली असेल तर १ मिली हेपॅरिन आणि ४ मिली सलाईन मिळून ५ मिली केलं की तीच ताकद होते. न मिसळता ५००० चं प्रत्येक बाजूला २ मिली भरलं तर नळीत एकूण २०,००० युनिट बसतात, आणि लॉक कितीही बरोबर भरलं तरी टोकाच्या भोकांतून थोडं शरीरात जातंच, मग घरी गेल्यावर ड्रेसिंगमधून रक्त येतं, हिरड्यांतून येतं, आणि घाबरून फोन येतो. कुठली ताकद वापरायची ते युनिटच्या डॉक्टरांनी लेखी ठरवून भिंतीवर लावलेलं असावं.

भरताना शेवटचा थोडा भाग ढकलत असतानाच क्लॅम्प लावायचा. ढकलणं थांबवून मग आरामात क्लॅम्प लावला तर तेवढ्यात रक्त टोकातून मागे येतं. ऐकायला बारीक वाटतं, पण महिन्याभरात जवळजवळ डझनभर वेळा असं झालं की टोकाला गुठळीचं बूड तयार होतं. मग नवीन निर्जंतुक कॅप, जुनीच धुऊन परत लावायची नाही. क्लॅम्प दर वेळी थोडा पुढेमागे सरकवून लावा, एकाच जागी दाबून दाबून पाईप चपटा होतो आणि चिरतो.

हेपॅरिनऐवजी ४ टक्के सोडियम सायट्रेट पण लॉकला वापरतात, ते चांगलं चालतं आणि रक्तस्रावाची भीती कमी. पण खूप जास्त ताकदीचं सायट्रेट धोक्याचं, ४६.७ टक्क्यांच्या सायट्रेटमुळे अमेरिकेत २००० साली पेशंट दगावल्यावर तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, इशारा दिला होता. गुठळी विरघळवणारं औषध आठवड्यातून एकदा लॉक म्हणून वापरून बघितलेला कॅनडातला अभ्यास २०११ मध्ये आला, त्यात नळी बिघडण्याचं प्रमाण नुसत्या हेपॅरिनमध्ये ३४.८ टक्के होतं ते २० टक्क्यांवर आलं. फरक मोठा आहे, पण औषध महाग, त्यामुळे आपल्याकडे सगळ्यांना परवडणारं नाही. सारखी सारखी नळी बंद पडणाऱ्या पेशंटसाठी डॉक्टरांना विचारायला मात्र हरकत नाही. टॉरोलिडिन घातलेली लॉक पण आहेत, ती मुख्यतः इन्फेक्शन टाळण्यासाठी.

सुरू करतानाची काळजी

कॅप काढली की आधी जुनं लॉक बाहेर ओढायचं, प्रत्येक बाजूने ३ ते ५ मिली, आणि ते फेकून द्यायचं, परत आत ढकलायचं नाही. ढकललं तर हेपॅरिन पण आत जातं आणि नळीत गुठळी असेल तर ती पण. ओढलेलं रक्त पांढऱ्या गॉजवर टाकून बघायचं. चांगल्या नळीतून पातळ एकसारखं लाल रक्त पसरतं. कधी त्यात काळपट दोरे दिसतात, कधी तांदळाच्या कणीएवढे दाणे. तसं दिसलं तर आणखी थोडं ओढून परत गॉजवर बघायचं आणि चार्टवर लिहायचं, कुठल्या बाजूने आलं, किती आलं. लागोपाठ दोनतीन डायलिसिसला दोरे येत असतील तर मागचा लॉक कुठेतरी चुकतोय किंवा नळी भरत चाललीय. ही गॉजवरची नजर मशीनच्या अलार्मच्या किती तरी आधी सांगते, म्हणून नवीन मुलांना मी हे आधी शिकवतो.

रक्त सहज ओढलं जात नसेल तर जोर लावायचा नाही. पेशंटची मान सरळ करा, हात डोक्यावर घ्यायला सांगा, खोकायला सांगा, थोडं कुशीवर करा, बेडचं डोकं खाली करा. जाड पेशंटमध्ये आणि छाती भारी असलेल्या बायकांमध्ये उभं राहिल्यावर छातीची कातडी खाली ओढली जाते आणि परमकॅथचं टोक वर सरकतं, त्यामुळे बसून चालत नाही आणि आडवं केलं की चालतं असं दिसतं. तेही लिहून ठेवा, डॉक्टरांना त्यातून बरंच कळतं.

लाईन उलटी लावणं, म्हणजे निळ्यातून ओढायचं आणि लालमध्ये सोडायचं, हा त्या दिवसापुरता उपाय. दोन्ही भोकं दोनतीन सेंटीमीटर अंतरावर असतात ती मुद्दाम, उलटं केलं की साफ झालेलंच रक्त परत ओढलं जातं, चार तास मशीनवर झोपून पण सफाई कमी होते. मशीन गप्प झालं म्हणजे काम झालं असं नाही. एकदा उलटी लावावी लागली तर त्या दिवशीच डॉक्टरांना कळवायचं.

कुठले आकडे वहीत लिहायचे

एक साधी वही करा. दर डायलिसिसला चार गोष्टी लिहा: पंपाचा स्पीड किती चालला, आर्टिरियल प्रेशर किती, व्हीनस प्रेशर किती, अलार्म किती वेळा वाजला. मशीनच्या स्क्रीनवर सगळं दिसतं, सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने बघितलं की पुरे. स्टाफला विचारलंत तर कुणी नाही म्हणत नाही.

आर्टिरियल प्रेशर उणे असतं कारण तिथे रक्त ओढलं जातं. ते उणे २५० च्या पुढे जायला लागलं म्हणजे मशीनला रक्त मिळत नाही, तोंडाशी अडथळा आहे. व्हीनस २५० च्या वर चढलं तर परत जाणाऱ्या बाजूला अडथळा. अमेरिकेच्या केडीओक्यूआय गाईडलाईनमध्ये २००६ साली ३०० मिली प्रति मिनिटाच्या खाली स्पीड म्हणजे नळीत बिघाड असं धरलं होतं, २०१९ मध्ये ते बदलून असं म्हटलं की डॉक्टरांनी ठरवलेला स्पीड वेळ न वाढवता मिळत नसेल तर बिघाड. हे मला जास्त पटतं, कारण आपल्याकडे बऱ्याच जणांना २५० वरच चालवतात. म्हणून दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना नको, स्वतःच्याच मागच्या महिन्याशी करा. ज्याचा स्पीड २८० वर आरामात चालायचा तो आता २२० ला अलार्म देतोय, हे पुरेसं आहे. तेव्हाच दाखवा, पूर्ण बंद पडायची वाट बघू नका.

पण एक लक्षात घ्या, दर वेळी दोष नळीचाच नसतो. बीपी पडलं, अंगातलं पाणी जास्त ओढलं गेलं की शीरच आकसते आणि टोक शिरेच्या भिंतीला चिकटतं, मशीन तसंच ओरडतं. अलार्म पहिल्या तासात नाही पण शेवटच्या तासात येत असेल तर आधी बीपी आणि काढलेलं पाणी बघा. ताशी किलोमागे १३ मिलीच्या वर पाणी काढू नये असं धरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं चार तासांत साधारण ३ लिटर. दोन डायलिसिसच्या मध्ये ४-५ किलो वजन वाढवून आलात तर ते पाणी काढताना बीपी पडणार, नळी पण त्रास देणार. इथे मीठ आणि पाणी सांभाळण्याचा थेट संबंध नळीशी येतो. लोणचं, पापड, फरसाण, वडापाव, सगळ्यात मीठ आहे आणि मीठ खाल्लं की तहान आवरतच नाही.

रक्त वाढवायच्या इंजेक्शनबद्दल पण. हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून मेडिकलमधून स्वतःच जास्तीची इरिथ्रोपोएटिन आणून घेणारे लोक आहेत. हिमोग्लोबिन साधारण ११.५ च्या वर मुद्दाम नेत नाहीत, कारण त्यापुढे रक्त गोठण्याचा धोका वाढतो. डॉक्टर जेवढं सांगतील तेवढंच. तसंच नळी ब्लॉक होऊ नये म्हणून रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, अॅस्पिरिन असो वा वॉर्फरिन, स्वतःच्या मनाने सुरू करू नका, किडनीच्या पेशंटला पोटात रक्तस्राव व्हायला वेळ लागत नाही.

आणि स्टाफसाठी एक. हेपॅरिन नीट देऊनही डायलायझर (मशीनवरची रक्त गाळणारी जाळी), लाईन, नळी सगळंच वारंवार गोठायला लागलं, आणि हेपॅरिन नव्याने सुरू होऊन पाच-दहा दिवस झालेत, तर प्लेटलेट तपासायला डॉक्टरांना आठवण करा. काही थोड्या पेशंटमध्ये हेपॅरिनमुळेच प्लेटलेट पडतात आणि उलट रक्त गोठतं. अशा वेळी हेपॅरिन वाढवत गेलं तर आणखी बिघडतं, ते पूर्ण बंद करावं लागतं, लॉकमधलं सुद्धा.

घरी काय सांभाळायचं

ड्रेसिंग कोरडं. अंघोळ कमरेखाली पाण्याने आणि वर ओल्या फडक्याने पुसून. केस धुवायचे असतील तर दुसऱ्या कुणाकडून, मान मागे टाकून. उन्हाळ्यात घामाने आणि पावसाळ्यात दमटपणाने ड्रेसिंग सुटतं, सुटलं तर घरचा सेलोटेप लावू नका, युनिटला फोन करा. इन्फेक्शन आणि ब्लॉक या दोन गोष्टी एकमेकांच्या हातात हात घालून येतात, नळीतल्या गुठळीत जंतू घर करतात. डायलिसिस सुरू झाल्यावर अर्ध्यापाऊण तासात थंडी वाजून ताप येत असेल तर पॅरासिटामॉल घेऊन विषय संपवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, अँटिबायोटिकच्या आधी रक्ताचं कल्चर घेतलं पाहिजे.

नळी ओढली जाणार नाही हे बघा. पुढे बटणं असलेला शर्ट किंवा गाऊन घाला, डोक्यातून घालायचे टीशर्ट नकोत. मंगळसूत्र, चेन, ब्लाउजची पिन नळीत अडकते, ते सगळं दुसऱ्या बाजूला किंवा काढून ठेवा. खांद्याला अडकवायची पिशवी त्या बाजूला नको. नातवंडं कडेवर घेताना जपून, त्यांना ती लालनिळी टोकं ओढायला फार आवडतात. झोपताना नळीच्या कुशीवर झोपू नका, टोकं मोकळी लोंबू न देता ड्रेसिंगवर सैलसर चिकटवलेली असावीत, दुमडून घट्ट दाबलेली नाही. आणि न्हाव्याकडे दाढीला बसायच्या आधी सांगा की मानेत नळी आहे. त्या भागात वस्तरा आणि कात्री दोन्ही नको.

कॅथेटर फक्त डायलिसिससाठी. तापासाठी गावातल्या दवाखान्यात गेलात, शीर सापडत नाही म्हणून कुणी या नळीतूनच सलाईन लावू म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. आतलं हेपॅरिन शरीरात जाईल, लॉक निघून जाईल आणि नंतर परत नीट लॉक कुणी करणार नाही. रक्त तपासणीचं रक्त पण यातून नको, डायलिसिसच्या वेळी आमच्याकडूनच घ्या. जीव वाचवायची वेळ असेल आणि दुसरी शीरच नसेल तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टर ठरवतील, फक्त आत हेपॅरिन आहे हे त्यांना सांगा.

डायलिसिस चुकवू नका. गणपतीला कोकणात जायचंय, घरात लग्न आहे, कापणी आहे, एसटी बंद आहे, हे सगळं होतं, मी समजू शकतो. पण लॉक कायम टिकत नाही, दिवस जातील तसं औषध टोकातून विरघळत जातं आणि त्या जागी रक्त येऊन बसतं. जाणार असाल तर आधी सांगा, त्या भागातल्या युनिटमध्ये एखादा डायलिसिस जमवता येतो, आणि जाताना कागद घेऊन जा: नळी कुठली, कधी घातली, दोन्ही बाजूंचं माप, कुठलं लॉक, ड्राय वेट (अंगात जादा पाणी नसतानाचं वजन), आणि हिपॅटायटिस, एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट. काही कारणाने अगदीच चुकला तर निदान युनिटला फोन करून नळी कधी फ्लश करून लॉक बदलायची ते विचारा.

कॅप निघून पडली तर घाबरून नळी सोडू नका. क्लॅम्प बंद आहे ना बघा, नसेल तर लावा, क्लॅम्प तुटला असेल तर अंगाच्या बाजूला नळी बोटांनी घट्ट मुडपून धरा आणि तशीच धरून हॉस्पिटल गाठा. दम लागला तर डाव्या कुशीवर, डोकं खाली करून झोपवा आणि १०८ ला फोन करा. नळीच बाहेर आली तर स्वच्छ कापडाने जोरात दाबून धरा आणि आडवं व्हा, परमकॅथ असेल तर जिथून बाहेर येते ती जागा आणि मानेतली शिरेची जागा, दोन्ही. अर्धी बाहेर आलेली, कफ दिसायला लागलेली नळी कधीही परत आत सारायची नाही.

ब्लॉक झालीच तर

जोराने सलाईन मारून उघडायचा प्रयत्न करू देऊ नका, गुठळी फुप्फुसात जाऊ शकते. डॉक्टर गुठळी विरघळवणारं औषध नळीत भरून ठेवतात, अल्टेप्लेज असेल तर साधारण प्रत्येक बाजूला २ मिलीग्रॅम, आपल्याकडे खर्चामुळे युरोकायनेज जास्त वापरतात, अर्धा तास ते दोन तास ठेवून परत ओढून बघतात. बऱ्याचदा नळी उघडते. पण फायब्रिनची साय तशीच असेल तर काही आठवड्यांत परत तेच होतं, मग त्याच जागेवरून वायरवर नळी बदलतात, कधी फुग्याने ती साय फाडतात. शिरेची जागा वाचवून नळी बदलणं महत्त्वाचं, कारण चांगल्या जागा मोजक्याच असतात आणि एकेक शीर बंद होत गेली की पुढे फार हाल होतात. म्हणूनच गळपट्टीच्या हाडाखालच्या शिरेत कॅथेटर शक्यतो टाळतात, तिथे शीर आकसली की त्या हाताचा फिस्टुला (डायलिसिससाठी हातात केलेली शिरेची जोडणी) पण जातो.

आणि फिस्टुला हाच ब्लॉक टाळायचा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. हातातली शीर आणि धमनी जोडून करायचं हे छोटं ऑपरेशन, ब्रेशिया आणि चिमिनो यांनी १९६६ मध्ये मांडलं, आजही त्याहून चांगलं काही नाही. कॅथेटर घातला त्याच आठवड्यात फिस्टुलाची तारीख विचारा, कारण तो तयार व्हायला सहा आठवडे ते तीन महिने लागतात आणि तेवढाच काळ ही नळी टिकवायची आहे असा हिशोब ठेवला की सगळ्यांना सोपं जातं. ज्या हातात करायचाय, बहुतेक डावा, त्या हाताला बीपीचा पट्टा, सुई, सलाईन काही नको, आजपासूनच. पैशांची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा, डायलिसिस त्यात बसतं, फिस्टुलाचं पण विचारा. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत पण सोय आहे.

फिस्टुलात दोन सुया लावून लागोपाठ काही डायलिसिस ठरलेल्या स्पीडला नीट झाले की डॉक्टरांना विचारून कॅथेटर काढून घ्या. असू दे राखीव म्हणून महिनोन्महिने ठेवणारे लोक आहेत, त्या न वापरलेल्या नळीलाही लॉक, ड्रेसिंग, सगळं लागतं, आणि इन्फेक्शन व्हायचं ते तिलाही होतंच.